तिरळ्या डोळ्यांचा सरळ माणूस

दामुअण्णा मालवणकरांविषयी लिहायला बसलो आहे खरा. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. या विषयात मी तटस्थ नाही. माझे डोळे लहानपणापासून तिरळे आहेत. उजवा समोर पाहतो, आणि डावा नाकाशी काहीतरी खासगी सल्लामसलत करीत असतो. १९६० नंतरच्या चार-पाच वर्षांत मी कल्याणच्या ज्या शाळेत होतो, तिथे माझे खरे नाव फक्त हजेरीपटावर असे. एरवी मी 'दामुअण्णा' होतो. हे बारसे गणिताच्या मास्तरांनी केले. फळ्यावर उदाहरण सोडवीत असताना मागे वळून ते म्हणाले, "काय दामुअण्णा, फळ्याकडे बघताय की खिडकीकडे?" वर्ग हसला, आणि पुढे शाळा सुटेपर्यंत ते नाव काही सुटले नाही. 'चकण्या'पेक्षा ते भारदस्त होते, एवढेच त्यातले सुख.

गंमत अशी, की ज्या नटाचे नाव मी वागवीत होतो, त्याचा एकही चित्रपट मी तोवर पाहिलेला नव्हता. पण न पाहिलेल्या माणसाचाही मनापासून राग करता येतो, आणि तो मी नेमाने करीत असे.

पहिली भेट झाली ती पारनाक्याजवळच्या एका वाड्यातल्या गणपतीत. चौकात पांढरी चादर टांगलेली, मागे घरघरणारे यंत्र, अर्धी मंडळी पडद्याच्या या बाजूला आणि उशिरा आलेली त्या बाजूला. चित्रपट होता 'ब्रँडीची बाटली'. दामुअण्णा पडद्यावर आले मात्र, आणि त्यांनी काही बोलण्याच्या, काही करण्याच्या आधीच सारा चौक हसला. मागून कुणीतरी माझ्या टाळक्यात टपली मारून म्हणाले, "अरे, तुझे काका आले!" मी उठलो आणि घरी गेलो. आईने विचारले, "इतक्यात संपला?" मी सांगितले, "आवडला नाही." माझ्या आयुष्यातले पहिले चित्रपट-परीक्षण ते हेच. ते अर्थातच खोटे होते. कारण उठता उठता एक गोष्ट मी पाहिली होती आणि ती मला कित्येक वर्षे सोडीत नव्हती. त्या चौकात दोनच माणसे हसत नव्हती. एक मी, आणि दुसरे खुद्द दामुअण्णा.

या न हसण्याविषयी मला लिहायचे आहे.

हकीकत थोडक्यात अशी. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली कोल्हापुरात 'हंस पिक्चर्स' काढली. आरंभी 'छाया'सारखा गंभीर चित्रपट झाला. पण १९३८ साली आचार्य अत्रे यांच्या कथेवर 'ब्रह्मचारी' निघाला आणि महाराष्ट्राला कळून आले, की आपल्या भाषेतला बोलपट आपल्याच अंगावर पोट धरधरून हसू शकतो. मीनाक्षींच्या पोहण्याच्या पोशाखाचा त्या वेळी जो गवगवा झाला, त्याच्या कथा अजून सांगितल्या जातात, म्हणून त्या मी सांगत नाही. पुढच्याच वर्षी 'ब्रँडीची बाटली' आली. लेखन पुन्हा अत्र्यांचे, दिग्दर्शन विनायकांचे. पण या वेळी चित्रपटाचा सारा भार त्यांनी टाकला तो दामुअण्णांच्या खांद्यावर. नायकाचे वय नाही, नायकाचे रूप नाही, आणि दोन डोळ्यांचे आपसांत पटत नाही, अशा माणसाला मध्यभागी उभे करून कथा रचायची, हे धाडस आजच्या निर्मात्यालाही झेपेल असे मला वाटत नाही.

त्या धाडसाच्या मागे थोडा बाजारही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिरळा डोळा हा विनोदाच्या दुकानातला फार जुना माल आहे. हॉलिवुडात बेन टर्पिन नावाचा नट त्यावरच मोठा झाला. १८६९ चा त्याचा जन्म. मॅक सेनेटच्या मूक विनोदपटांतून तो जगभर गेला. आपले डोळे कधी सरळ झाले तर भरपाई मिळावी म्हणून त्याने त्यांचा विमा उतरवला आहे, अशी जाहिरात तेव्हा होत असे. खरेखोटे विमेवाल्यांना ठाऊक! पण ही जाहिरातच त्याच्या विनोदाची जात सांगते. टर्पिनचे डोळे हाच विनोद होता. कॅमेरा जवळ नेला, त्याने मिशा फेंदारल्या, की काम झाले. १९४० साली लॉरेल-हार्डींच्या 'सॅप्स ॲट सी'मध्ये तो शेवटचा दिसला. घरातले सगळे नळ उलटेसुलटे जोडलेले असतात. ते कुणी जोडले असा प्रश्न पडतो, आणि टर्पिनचा चेहरा समोर येतो. चिमूटभर काम, पण तेवढ्यात प्रेक्षागार कोसळते. त्याच वर्षी तो वारला.

माझ्या मास्तरांनी मला ज्या अर्थाने 'दामुअण्णा' म्हटले, त्या अर्थाने खरे म्हणजे त्यांनी मला बेन टर्पिन म्हणायला हवे होते.

दामुअण्णांचा पंथ निराळा. त्यांचे नाते जुळते ते बस्टर कीटनशी. कीटन लहानपणी आईबापांबरोबर रंगमंचावर धडपडण्याची कामे करी, आणि पडून उठल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात, न हसलो तर जास्त हसतात, हे त्याने त्या वयातच हेरले. पुढे १९२६ च्या 'द जनरल'मध्ये आगगाडी, तोफा, जळता पूल असे सगळे त्याच्याभोवती कोसळत असते आणि हा पठ्ठ्या तिकीट तपासनिसासारखा निर्विकार! अशा चेहऱ्याला आपल्याकडे 'ठोकळा' म्हणतात आणि त्यात नटाची निंदा असते. मला ती मान्य नाही. ठोकळ्यावर काही उमटत नाही. कीटनच्या आणि दामुअण्णांच्या चेहऱ्यावर सगळे उमटते, फक्त 'हे विनोदी आहे' एवढे सोडून.

'ब्रँडीची बाटली'तला बगाराम हा म्युनिसिपालिटीतला भिडस्त कारकून. मालतीवर त्याचे मन बसलेले आहे. तिच्या घरी आजारपण येते, औषध म्हणून ब्रँडी हवी असते, आणि ती आणण्याचे काम बगारामाकडे येते. अडचण एवढीच, की ब्रँडी म्हणजे काय हे बगारामाला ठाऊक नाही. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबई शहरात दारूबंदी आली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रसंगाची खुमारी आणखी वाढते. जी वस्तू मागायची लाज वाटावी, ती हा माणूस पुस्तकाच्या दुकानात शुद्धलेखनाची वही मागावी तितक्या निर्मळ मनाने मागत फिरतो.

आता हे काम दुसऱ्या नटाने कसे केले असते, याची कल्पना करून पाहा. 'मला ठाऊक नाही' असे बगाराम म्हणतो तेव्हा 'पण मला, म्हणजे नटाला, ठाऊक आहे बरे का!' अशी एक बारीक खूण त्याने आपल्याला केलीच असती. विनोदी नटाला ही खूण आवरत नाही. तो प्रेक्षकाशी संधान बांधतो; पात्राच्या पाठीमागे आपण दोघे मिळून पात्राला हसतो. लॉरेल-हार्डींच्या जोडीतला हार्डीसुद्धा प्रत्येक फजितीनंतर सरळ कॅमेऱ्यात बघून 'पाहिलेत ना, कुणाशी गाठ आहे!' असे आपल्याला सांगतो, आणि ते लोभसही वाटते. दामुअण्णांना ही सोय नव्हती. ज्याचे डोळे तिरळे, त्याला डोळा मारता येत नाही! त्याची नजर कुणाकडे आहे हेच पक्के नसल्यामुळे तो कुणाचा भागीदार होऊ शकत नाही. पडद्यावरच्या माणसांचाही नाही आणि खुर्चीतल्या माणसांचाही नाही. तो एकटा राहतो. आणि ज्याला आपण एकटा सोडून हसतो, त्याच्याविषयी थोड्या वेळाने आपल्याला चुटपुट लागते. ही चुटपुट लागावी एवढा अवधी दामुअण्णा आपल्याला देतात. वैगुण्य तर देवाने दिले होते. त्याचा हा उपयोग मात्र त्यांचा स्वतःचा.

हे मला कळले ते मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी हा चित्रपट लागला तेव्हा. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत तेव्हा एकाच घरी दूरदर्शन संच होता. खोलीत पंचवीस माणसे, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, लग्न ठरत नव्हते, आणि न ठरण्याचे कारण कुणी तोंडावर सांगत नव्हते. पडद्यावर दामुअण्णा आले. खोली हसली. मीही दात आवळून बसून राहिलो. आणि हळूहळू लक्षात आले, की हसण्याची जागा बदलते आहे. पहिली दहा मिनिटे लोक डोळ्यांना हसत होते. नंतर ते डोळे विसरले. नंतर ते हसत होते ते बगारामाच्या निष्ठेला, त्याच्या भिडेला, साहेबासमोर वाकणाऱ्या त्याच्या पाठीला. म्हणजे आपल्याच पाठीला. खोलीत बसलेल्या पंचविसांपैकी निदान दहाजण कचेरीत कारकून होते.

डोंबिवलीकराला बगाराम समजावून सांगावा लागत नाही. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये दारात लोंबकळणाऱ्या, पाठीवरची पिशवी पोटावर घेतलेल्या माणसांचे चेहरे पाहा. पाय दुसऱ्याच्या बुटाखाली, कोपर तिसऱ्याच्या बरगडीत, आणि चेहरा असा, की जणू आपण देवळात घंटेची वाट पाहत उभे आहोत. ठाणे येते, आणखी शंभर माणसे आत घुसतात, चेहरा हलत नाही. कीटनला हा चेहरा कमवायला जन्म घालवावा लागला. आमच्याकडे तो सीझन तिकिटाबरोबर मिळतो.

पण मी स्तुतीच्या भरात वाहत चाललो. 'ब्रँडीची बाटली' हा निर्दोष चित्रपट नव्हे. अत्र्यांचा विनोद म्हणजे धबधबा. तो थांबायचे कुठे हे जाणत नाही. एका कोटीचे हसू ओसरण्याच्या आत दुसरी कोटी अंगावर येते. त्यातून दारूबंदीचा उपदेश अधूनमधून गळ्यात पडतो, आणि तेव्हा चित्रपट सभेसारखा वाटू लागतो. दामुअण्णा हे त्या धबधब्याखालचे खडक आहेत. पाणी कितीही आदळो, ते हलत नाहीत, आणि म्हणून पाण्याला आकार येतो. तरीही काही जागी त्यांच्या डोळ्यांचा उपयोग टर्पिनछाप केलेला आहेच. तिथे मी आजही हसत नाही. मला पूर्वग्रहदूषित म्हणायला वाचक मोकळे आहेत.

माझ्या मते त्यांची खरी कसोटी लागली ती १९४० साली, 'लग्न पहावे करून' या चित्रपटात. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषा शिकवीत, आणि फावल्या वेळात त्यांनी चिमणराव नावाचा माणूस निर्माण केला. हा चिमणराव आपल्या फजित्या स्वतःच सांगतो, आणि सांगताना त्याला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. काऊचे म्हणणे काय पडले, गुंड्याभाऊंनी काठी कुणावर उगारली, हे सारे तो कारकुनाने टिपण लिहावे तसे लिहितो. वाचक हसतो तो त्या टिपणाच्या इमानदारीला. असा निवेदक पडद्यावर आणायचा म्हणजे मोठे संकट. पडद्यावर 'मी' नसतो, सगळेच 'तो' असतात. जोश्यांच्या वाक्यातला तो निर्विकारपणा आणायचा कुठून? विनायकांनी तो दामुअण्णांच्या चेहऱ्यावर आणला. पुस्तकातला चिमणराव तिरळा नाही. पण तो जगाकडे ज्या सरळपणाने पाहतो, तो या तिरळ्या माणसाला साधला. शेजारी विष्णुपंत जोगांचे गुंड्याभाऊ, म्हणजे अंगात येणारा राग आणि हातात येणारी काठी. एक भडकतो, एक बघत राहतो. लोकांना ही जोडी एवढी आवडली, की १९४२ साली 'सरकारी पाहुणे'मध्ये ती पुन्हा आणावी लागली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आला आणि आमच्या पिढीच्या मनात तोच बसला. प्रभावळकर थोर नट आहेत, आणि त्यांचा चिमणराव अधिक जिवंत, अधिक लगबगीचा आहे. पण त्याची तारांबळ आपल्याला दिसते. दामुअण्णांच्या चिमणरावाची तारांबळ आतल्या आत होते.

१९ ऑगस्ट १९४७ रोजी मास्टर विनायक गेले. स्वातंत्र्य मिळून चारच दिवस झाले होते. दामुअण्णा पुढेही पुष्कळ चित्रपटांतून दिसत राहिले, पण त्यांच्याभोवती अख्खा चित्रपट उभारावा असे वाटणारा दिग्दर्शक उरला नाही. लहान कामे येऊ लागली, आणि लहान कामात नटाच्या वाट्याला पहिली दहा मिनिटेच येतात. म्हणजे जिथे लोक डोळ्यांना हसतात तीच. डोळे विसरले जावेत एवढी सवड पुन्हा कुणी त्यांना दिली नाही. हे मला त्यांच्या कारकिर्दीतले खरे दुःख वाटते. १९७५ साली ते वारले.

नंतरच्या मराठी विनोदाने दुसरा रस्ता धरला. राजा गोसावींच्या चेहऱ्यावर मिस्कीलपणा कसा खेळे, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. दादा कोंडके १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून भोळेपणाचे सोंग घेऊन आले. पण त्या भोळेपणाला दोन तळ होते आणि दुसरा तळ प्रेक्षकाला दाखविल्याशिवाय दादांना चैन पडत नसे. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी आम्हांला अतोनात हसविले; १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'ची पारायणे आमच्या घरातही झाली आहेत. ही सगळी आपली दोस्त मंडळी. खांद्यावर हात टाकून ती आपल्याला हसवितात. दामुअण्णा कुणाच्या खांद्यावर हात टाकीत नाहीत. अलीकडे तर विनोद झाल्यावर मागून वाद्यांचा एक 'ढँण' असा आवाज येतो, म्हणजे हसायचे राहून जाऊ नये! त्या आवाजाने एखादा बगाराम जागच्या जागी मेला असता.

आमच्या या भागात नाट्यगृहांची नावे ठेवताना एक छान योग जुळला आहे. ठाण्याला मासुंदा तळ्याकाठी राम गणेश गडकरी रंगायतन आहे. ते १९७८ साली उघडले. आणि कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. अत्रे गडकऱ्यांना गुरू मानीत. म्हणजे गुरू ठाण्याला, शिष्य कल्याणला, आणि मध्ये आम्ही डोंबिवलीचे, सावित्रीबाई फुल्यांच्या छायेत. येताजाता माझ्या मनात येते, की लेखकांच्या नावाची दारे झाली हे योग्यच; पण अत्र्यांचे शब्द ज्याच्या गंभीर तोंडून पडले म्हणून अधिक हसू आले, त्याच्या नावाचा निदान एखादा जिना असावा. विनोदी नटाला जिना पुरे. तो तिथून पडून दाखवील आणि उठून कपडे झटकील.

गेल्या श्रावणात माझ्या नातीने मला पुन्हा बगारामाकडे नेले. ती सहा वर्षांची आहे. आमच्या घराण्याचा डोळा एक पिढी सोडून तिच्याकडे उतरला. आता त्यावर उपाय आहेत. चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायची आणि आळशी डोळ्याला कामाला लावायचे, म्हणजे तो सुधारतो. हे मला साठ वर्षांपूर्वी कुणी सांगितले नाही, म्हणून मी डॉक्टरणबाईंना दोनदा विचारून खात्री करून घेतली. पट्टी लावली की ती रडते. रडू नये म्हणून काहीतरी दाखवावे लागते. एका दुपारी कार्टूनांचा तिला आणि मला सारखाच कंटाळा आला, तेव्हा मी तिला 'ब्रँडीची बाटली' लावून दिली. थोडी भीतभीतच. पहिली दहा मिनिटे मी पडद्याकडे न पाहता तिच्याकडे पाहत होतो.

ती हसली नाही. तिने विचारले, "आजोबा, ह्यांना पट्टी लावली नव्हती का?"

"नाही. तेव्हा लावीत नसत."

"तुम्हालाही नव्हती?"

"मलाही नव्हती."

तिने तेवढ्यावर तो विषय संपवला. नंतर बगाराम बाटलीच्या शोधाला निघाला, आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही हे तिच्या ध्यानात आले, तशी ती खुदकन हसली. मग मोठ्याने हसली. "अहो आजोबा, ह्यांना माहीतच नाही!" ब्रँडी म्हणजे काय, हे अर्थात् तिलाही ठाऊक नव्हते. पण समोरच्या माणसाला ठाऊक नाही, आणि तरी तो किती मनापासून विचारतो आहे, हे तिला पुरे होते. आम्ही दोघे बघत बसलो. सूनबाईंनी आतून हाक मारून विचारले तेव्हा लक्षात आले, की पट्टीचे दोन तास केव्हाच होऊन गेले होते.